अंगाताळचा हात

आमच्या प्रयोगशाळेतल्या लाकडी कपाटाचा तिसरा खण मी शक्यतो उघडत नाही. त्यात अंगाताळचे हात आहेत. म्हणजे हाताचे ठसे. पॉलिश केलेल्या स्टीलच्या तुकड्यांवर उमटलेले, तांबूस, गंजाचे, अडीचशे तरी असतील. काहींवर बोटांच्या रेषा भिंगाशिवाय मोजता येतात. दिवाळीच्या आगेमागे इकडचा पाऊस लागला की ते गडद होतात. तुकड्यांना तेल लावलेलं आहे, कपाट कोरडं आहे, तरी होतात. मी धातूशास्त्र शिकलेला माणूस. मला याचं कारण सांगता यायला हवं. येत नाही, म्हणून खण बंद.

कोयंबतूरला, पीळमेडूत, तिरुमलैसामींच्या भट्टीत मी बत्तीस वर्षं नोकरी केली. पंपाचे सुटे भाग आमच्याकडे येत, आम्ही ते भट्टीत घालून वरून कठीण करून देत असू. मला सगळे 'लॅब सार' म्हणत. लॅब म्हणजे एक खोली, एक सूक्ष्मदर्शक, एक चुंबक, गंज तपासायची एक पेटी आणि माझा खोकला.

अंगाताळ आमच्याकडे झाडलोटीला आली तेव्हा चौतिशीची असेल. तिचं लग्न पोल्लाचीजवळच्या एका नारळबागवाल्याकडे झालं होतं. आठ महिने टिकलं. सासूच्या लक्षात आलं, की सून ज्या विळीला हात लावते ती दुसऱ्या दिवशी लाल होते. मग कडीकोयंडा लाल, विहिरीची साखळी लाल. "आज घरातलं लोखंड खातेय, उद्या माणसं खाईल," असं म्हणून तिला माहेरी पोचवली. हाताला घाम जास्त, घामात खार जास्त, एवढंच ते. अशी माणसं हजारात पाच-दहा निघतात आणि शहाणा कारखानदार त्यांना पॉलिशच्या मालाजवळ फिरकू देत नाही. पण हे त्या सासूला सांगणार कोण? माहेरी भावजय तिला नारळाच्या करवंटीत चहा द्यायची. कपाला काही गंज चढत नाही, तरी करवंटीत.

आमच्याकडे लागल्यावर आठव्या दिवशी तिनं उत्साहाच्या भरात साठ स्लीव्ह उघड्या हातानं पुसून मांडून ठेवले. स्लीव्ह म्हणजे पंपाच्या दांड्यावर बसणारी, मुठीत मावेल एवढी नळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्यावर हातच हात. नंजप्पन मिस्त्री भट्टीपुढून उठून आले. कोयंबतूरची माणसं शिवीसुद्धा आदरार्थी देतात. "अहो ताई, आपली पावलं दारात दिसली तेव्हाच आमचं वाटोळं ठरलं होतं बघा. आता आपण कृपा करून निघावं, आणि जाताना कुठं हात टेकू नये."

ती मुकाट्यानं झाडू भिंतीशी ठेवून निघाली. एवढ्यात तिरुमलैसामी, आमचे मालक, त्या मांडणीपाशी वाकले.

"मिस्त्री, थांबा. साठांतले हे वीस स्वच्छ कसे?"

"चुकून हात लागला नसेल."

"मी सगळे पुसले, मालक," अंगाताळ दारातून म्हणाली. "एकही सोडला नाही."

ते वीस वेगळ्या सळीचे होते. मी नोंदी काढून दाखवलं. आणि मालक, सातवी नापास माणूस, माझ्याकडे बघून म्हणाले, "सार, तुमच्या मशीनला चार दिवस लागतात ते या बाईनं एका रात्रीत सांगितलं."

आमचा धंदाच तसा अडचणीचा होता. स्टेनलेस गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. त्याची वर एक डोळ्याला न दिसणारी साय धरते. पण स्टेनलेस मऊ, वाळूच्या पाण्यात झिजतं. कठीण करायचं तर भट्टीत त्याला कार्बन पाजायचा. आणि कार्बन आत गेला की त्याची क्रोमियमशी गट्टी जमते. मग साय धरायला क्रोमियम मोकळं उरत नाही. कानशीला दाद न देणारा तुकडा महिन्यात लालभडक. दोन्ही गुण एका अंगी हवेत तर स्टील निवडून घ्यावं लागतं आणि आच मंद ठेवावी लागते. पाच-सहा दिवस, साडेचारशे डिग्री, त्याच्या वर नाही; तेवढ्या आचेत कार्बन आत शिरतो, पण क्रोमियम जागचं हलत नाही. अमुक स्टील हे सोसतं, तमुक सोसत नाही. एकाच नंबराच्या दोन सळयांतली एक सोसते, दुसरी नाही.

पुढची चौदा वर्षं ही निवड अंगाताळनं केली. कुठलीही नवी सळी आली की तिचे सहा तुकडे भट्टीतून काढून मी पॉलिश करायचो. अंगाताळ एक उदबत्ती लावायची आणि ती जळेपर्यंत एकेक तुकडा मुठीत धरून बसायची, डोळे मिटून. मग तुकडे ओल्या फडक्यावर काचेखाली. सकाळी डाग दिसला की सळी परत. चारशे दहा नंबर तिनं पहिल्याच महिन्यात बाद केला. त्याच्यावर तर ठसा उदबत्ती विझायच्या आत यायचा. तीनशे तीन, ज्यात कापायला सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं असतं, त्याच्यावर बोटांऐवजी नुसते ठिपके उठले, देवीच्या व्रणांसारखे. तीनशे सोळा मात्र मंद आचेवर पास. कठीण आणि निर्मळ. त्या दिवशी ती तो तुकडा गालाला लावून बघत होती. मी पाहिलं आणि खोकलो, तेव्हा तिनं लाजून खाली ठेवला.

तिला बघायला इतर कारखान्यांतली माणसं यायची. तिचे ठसे मात्र मला कधी आवडले नाहीत. एकदा एक बाद तुकडा मी वर्षानं खणातून काढला तर त्यावरच्या अंगठ्याशेजारी दुसरा अंगठा आला होता. मी मिस्त्रींना दाखवला. ते म्हणाले, "सार, आपण तो परत ठेवा आणि हात धुवा."

यंत्राचं काय झालं, तेही सांगतो, कारण पाप माझं आहे. गंज तपासायची आमची पेटी खाऱ्या धुक्याची होती. तिच्यात तुकडे टांगायचे, चार दिवस मिठाच्या पाण्याचा फवारा मारायचा, मग खरं-खोटं कळतं. तिचा फवारा बंद पडला. हात आहे म्हटल्यावर पेटीची घाई कुणाला? दुरुस्तीचं माझ्या अंगावर होतं, मी आज-उद्या करत दोन वर्षं काढली. दर आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, तिला चंदनाचे ठिपके आणि झेंडूची माळ मात्र चुकत नव्हती. बंद यंत्राची इतकी साग्रसंगीत पूजा फक्त आमच्या भट्टीत होत असेल.

अंगाताळच्या चौदाव्या वर्षी आयुधपूजेला मालकांना एक लहर आली. सगळी हत्यारं धुऊन-पुसून केळीच्या पानांवर मांडली होती. हातोडे, सांडशी, माझा चुंबकसुद्धा. मालक म्हणाले, "या घराण्याचं खरं आयुध राहिलंच की. अक्का, या इकडं, बसा."

"मी कशाला, मालक?"

"बसा हो. हात ठेवा पानावर."

ती संकोचून बसली. दोन्ही हात हातोड्यांच्या शेजारी पालथे ठेवले. मालकांनी त्यांना विभूतीची तीन बोटं ओढली, गंध लावलं, कुंकू लावलं, फुलं वाहिली, कापूर ओवाळला. सगळे हसत होते. मीही हसत होतो. पूजेला बसलेल्या हत्यारानं त्या दिवशी काम करायचं नाही हा नियम, म्हणून तिचे हात संध्याकाळपर्यंत तसेच पानावर होते. चुरमुरे-डाळं वाटून झालं, कुंकू घातलेला कोहळा दारात फोडून झाला, तरी ती उठली नाही. मी जवळून गेलो तर तिचा चेहरा उतरला होता. "सार, मुंग्या आल्यात," एवढंच म्हणाली.

त्यानंतर महिन्याभरानं तीनशे सोळाचा बाजारात तुटवडा पडला. तूतुकुडीच्या मच्छीमार होड्यांच्या पंपांसाठी दोनशे चाळीस स्लीव्ह द्यायचे होते. खारं पाणी ओढून इंजिन गार ठेवणारे पंप. मालकांनी तीनशे चारच्या, थंडच ओढून बारीक केलेल्या सळया आणल्या. मी चुंबक लावला. चांगल्या सळीला तो लागत नाही. इथं अगदी हलकेच कलला. ओढताना स्टीलची जी जागा दबते तिची जात बदलते, आणि तिथं मंद आचेतसुद्धा कार्बन क्रोमियमला गाठतो. मी मालकांना म्हणालो, "मला ही सळी पसंत नाही."

"तुम्हाला कोण विचारतंय सार, अक्काचा हात काय म्हणतो ते सांगा."

हातानं सहाच्या सहा तुकडे पास केले. एवढे निर्मळ तुकडे मी कधी पाहिले नव्हते. मालकांनी पेढे मागवले. स्वस्तातली सळी, कठीण, आणि गंज नाही.

माल जायच्या आदल्या दुपारी मी डबा खाऊन भट्टीच्या मागच्या भिंतीशी उभा होतो. अंगाताळ पिशवी घेऊन आली.

"जेवलात का, सार?"

"जेवलो. तुम्ही?"

तिनं पिशवीतून साध्या लोखंडाची विळी काढली. "काल हात ओला करून ही धरून बसले. दोन उदबत्त्या. मग रात्रभर तशीच ठेवली. बघा."

पातं लखलखीत होतं.

"बरं झालं की, अक्का."

"काय बरं झालं? सार, साधं लोखंड आहे. तुम्ही ओल्या हातानं धरलं तरी सकाळी डाग पडेल. माझा पडला नाही."

चौदा वर्षांत मी तिचा हात कधी हातात घेतला नव्हता, त्या दिवशी घेतला. भिंतीपलीकडे भट्टी, माझा सदरा पाठीला चिकटलेला, आणि तो हात माठाच्या बुडासारखा गार. ओल नाही, ऊब नाही. मी पटकन सोडला.

"कधीपासून?"

"पूजेपासून. गंध धुतलं त्याबरोबर गेलं."

"थायरॉइडची गोळी चालू आहे ना? त्यानं होतं असं."

"ती तीन वर्षं घेतेय, सार." तिनं विळी पिशवीत ठेवली. "ते सहा तुकडे मी पास केले नाहीत. मेलेल्याच्या हातात दिले असते तरी तसेच राहिले असते. मालकांना सांगू?"

तिला मी नको म्हणावं असं वाटत होतं, हे स्पष्ट होतं. "हात गेला म्हटल्यावर मला कशाला ठेवतील? झाडायला आता कंत्राटी माणसं आहेत. भावजय मला कपात चहा देते, सार. सगळ्यांबरोबर देते."

आणि मला काय वाटत होतं? हाताचं फुटलं, की पहिला प्रश्न पेटीचा. मी म्हणालो, "उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी चाकाखाली लिंबं चिरडून लॉरी निघाली. आम्ही दोघं दोन दारांत उभे होतो. एकमेकांकडे बघितलं नाही.

पोंगल होऊन गेला. एका सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस आला. काळा, रुंद, गळ्यात क्रूस, खांद्यावर पंचा. होडीचा सारंग, म्हणजे तांडेल, तूतुकुडीचा, नाव रायप्पन. पंप बनवणाऱ्यांनी त्याला आमचा पत्ता दिला होता. त्यानं पंचा सोडून एक स्लीव्ह मालकांच्या टेबलावर ठेवला.

"हा तुमचा?"

आमचाच होता. आणि त्याच्यावर एक मूठ होती. चार बोटं एका बाजूनं वळलेली, अंगठा दुसऱ्या बाजूनं. नुसता डाग नव्हे. गंज खोल उतरून बोटांच्या जागी खड्डे पडले होते.

मालकांनी घाबरून पाणी मागवलं. "भरपाईचं आपण बोलू, बसा आधी."

"भरपाई कोण मागतंय?" रायप्पन बसला नाही. "समुद्रात तेरा तास आत गेलो होतो. पंप अडकला, इंजिन तापलं, बंद पडलं. पाच माणसं दोन दिवस वाहत होतो. आमच्या पुढं गेलेल्या दोन होड्या त्याच रात्री वाऱ्यात सापडल्या, त्या आल्याच नाहीत. आम्ही आलो. वाहत असताना पंप खोलला तर आत हे. माझ्या माणसांतला एक बघून म्हणाला, हे सूसै."

"सूसै कोण?" नंजप्पन मिस्त्रींनी विचारलं.

"धाकटा भाऊ. आडी महिन्यात, आषाढात, त्याच पाण्यात गेला. देह मिळाला नाही." त्यानं स्लीव्हवर बोट ठेवलं, दाबलं नाही. "त्यानं दांडा धरून ठेवला म्हणून आम्ही पुढं गेलो नाही. आई अजून त्याचं काही करू देत नाही. पुरायला काय आहे म्हणते. मला एवढंच विचारायचंय. तुमच्याकडं हा कुणी हातात धरला होता का? नसेल धरला, तर मी घेऊन जातो आणि हेच पुरतो."

मिस्त्री मालकांच्या कानाशी वाकले, पण त्यांचं कुजबुजणंही भट्टीच्या आवाजाला सरावलेलं. "मालक, ते स्वतःच भावाचा हात म्हणताहेत. आपण कशाला मध्ये पडायचं?" मालकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. बाकीचे दोनशे एकोणचाळीस स्लीव्ह होड्यांत बसलेले होते. हे मला माहीत होतं, आणि मी चष्मा पुसत होतो. माझ्याइतका भित्रा माणूस त्या खोलीत दुसरा नव्हता.

बाहेर माल बांधायच्या टेबलापासून अंगाताळ उठली आणि आत आली.

"माझा आहे तो हात."

"अक्का, आपण नंतर बोलू," मालक म्हणाले.

"नाही. माझाच आहे. माझ्या हाताला गंज आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि आता तोही राहिला नाही. पूजेपासून हात मेलाय, मालक. ती सळी पास झालेली नाही. सगळा माल परत मागवा, होड्या पाण्यात आहेत." एवढं बोलून तिनं तो स्लीव्ह उचलला आणि सगळ्यांसमोर त्याच्यावर मूठ वळली. ठशावर ठसा ठेवायला.

बसला नाही. मी दोन हातांवर उभा होतो, मला स्वच्छ दिसलं. तिची बोटं त्या खड्ड्यांच्या आत राहिली, चहूबाजूंनी गंज उरला. तिचा हात लहान, बाईचा. तो ठसा थोराड पुरुषाचा होता. मालकांना दिसलं. मिस्त्रींनी तोंड फिरवलं. तिलाही कळलं असणार. पण तिनं सोडला नाही.

आणि त्या स्लीव्हला तिनं कधी हात लावलाच नव्हता. तिनं धरलेले सहा तुकडे माझ्या खणात होते, अजून आहेत, निर्मळ.

रायप्पननं तिच्या मुठीकडे आणि भोवती उरलेल्या गंजाकडे बघितलं. मग मालकांना म्हणाला, "त्यांचाच आहे. बाई सांगतात ते करा. आजच्या आज सगळ्या होड्यांना निरोप धाडा, नाहीतर मी बंदरावर जाऊन ओरडतो." आणि तिच्यापुढं पंचा पसरला. तिनं स्लीव्ह त्यात ठेवला. त्यानं तो गुंडाळून काखेत घेतला. तपासणीला ठेवून घेऊ, असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही.

दोनशे एकोणचाळीस परत आले. प्रत्येक मी भिंगाखाली घातला. दीडशेवर गंज होता. ओबडधोबड चट्टे, जिथं सळी दबली होती तिथं. मी शिकलो तसेच. बोट एकावरही नव्हतं.

खाऱ्या धुक्याची पेटी आठवड्यात दुरुस्त झाली. मी मालकांना सगळं सांगितलं, त्यांनी मला चार दिवस तोंड दाखवलं नाही, आणि अंगाताळला काढलंही नाही. बांधणीला ठेवली, पगार कमी केला. भावजयीनं काय केलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मार्चमध्ये तिनं दोन दिवसांची रजा मागितली. तूतुकुडीला, म्हणाली. रायप्पनचा निरोप आला होता. सूसैसाठी लहानशी शवपेटी केली होती, पाद्री तयार झाला होता. परत आली तेव्हा मी विचारलं, "कसं झालं?"

"झालं नीट. गर्दी होती." ती खोक्याला पट्टी लावत होती. "त्यांच्या आईला डोळ्यांनी दिसत नाही, सार. तिला कुणी काय सांगितलं होतं, देव जाणे. माझा हात धरला तो सोडेचना. चाचपायची, हुंगायची, पुन्हा धरायची. जेवायला बसलो तरी उजवा हात तिच्याकडंच. मी डाव्या हातानं जेवले."